राजगृह पाहिले आणि घरकुलाचा नकाशा बदलला

वडनेर भोलजी हे आमचे गाव. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात, मलकापूर आणि नांदुरा यांच्या मध्ये, महामार्गाला लागून. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक सहा होता, आता तो त्रेपन्न झाला आहे. रात्रंदिवस ट्रक धावतात. रस्त्यापासून आत गेले की आमची वस्ती लागते. विहार, विहारासमोर निळा झेंडा आणि भोवती दाटीवाटीने उभी असलेली घरे. काही कौलांची, काही टिनाची, तर काही अलीकडे झालेली स्लॅबची. आमचे घर टिनाचे. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही आणि पावसाळ्यात पाऊस टिनावर पडू लागला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

त्या घराच्या जागी रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. ज्यांना असे घर मिळाले आहे त्यांना ठाऊक असेल की त्याचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट असते. हा आकडा कागदावर वाचायला सोपा आहे. पण त्यात सहा माणसे बसवायला लागा, म्हणजे मग घरात वाद सुरू होतात. आमच्याही घरी झाले.

आजीचे म्हणणे, पुढे ओसरी पाहिजेच. आल्यागेल्याला बसायला जागा नको? घरधनिणीचे म्हणणे, आयुष्यभर खाली बसून चूल फुंकली, आता स्वयंपाकाला उभ्याचा ओटा हवा. थोरल्याचे म्हणणे, मोटारसायकल आत घेता आली पाहिजे. धाकटी दहावीला आहे. ती काहीच बोलली नाही. सर्वांचे बोलून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "आणि मी अभ्यास कुठे करू?" यावर घरात कोणापाशीच उत्तर नव्हते.

खरे तर आणखी एक गोष्ट मनात सलत होती. घरकुलाच्या आधी थोरल्याच्या आग्रहाने आम्ही रस्त्याकडेच्या एका नव्या ले-आउटमध्ये भूखंड पाहायला गेलो होतो. पैसे कसेबसे जमले असते. दलाल मोठ्या गोडीने बोलत होता, चहाही मागवला. मग त्याने आडनाव विचारले. त्यानंतर त्याला एकाएकी आठवले की तो भूखंड कालच दुसऱ्या कोणाला देऊन झाला आहे. शेजारचा? तोही. आम्ही उठलो. थोरला घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग घरकुल जुन्या जागेवरच बांधायचे ठरले, पण मनात हे राहिलेच की आपण वस्तीत राहतो आहोत ते आपल्या मर्जीने की दुसऱ्याच्या?

दादरच्या पूर्वेला

अशा मनःस्थितीत ६ डिसेंबर आला. नांदुऱ्याहून गाडी पकडली. आमच्याकडून मुंबई पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पण त्याचे कोणाला काही वाटत नाही. चैत्यभूमीला रांगेत उभे राहून अभिवादन केले, शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांतून हिंडलो, धाकटीने दोन पुस्तके घेतली. दरवर्षी येथूनच आम्ही परत फिरतो. या वेळी आजी म्हणाली, "बाबाचं घर पाहू. मी मेल्यावर कोण दाखवंल मले?"

म्हणून रेल्वे ओलांडून दादरच्या पूर्वेला गेलो. समुद्राकडच्या बाजूला जी गर्दी होती तिचा इकडे एकदम जोर कमी झाला. सरळ आखलेल्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना मोठी झाडे, तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती. ही हिंदू कॉलनी. येथील गल्ल्यांना क्रमांक आहेत. पाचव्या गल्लीत माणसांची रांग दिसली आणि विचारण्याची गरजच उरली नाही. ते राजगृह.

ही वास्तू बाहेरून पाहिली तर राजवाडा मुळीच नाही. आजूबाजूच्या इमारतींच्या रांगेत उभी असलेली तीन मजल्यांची इमारत. तळमजल्यावरच्या खोल्या लोकांना पाहण्यासाठी खुल्या ठेवल्या आहेत. तेथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रे आहेत. वर बाबासाहेबांचे कुटुंबीय राहतात. एवढी माणसे आत जात-येत होती, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आजीने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. धाकटी मात्र एकेक खोली मोजल्यासारखी पाहत होती.

हा मोहल्ला कसा झाला?

वाचकहो, राजगृहाविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते, पण ते ज्या मोहल्ल्यात उभे आहे त्याची हकिकतही ऐकण्यासारखी आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत दाटीने राहणारी माणसे पटापट मेली. हजारो लोक शहर सोडून पळाले. गिरण्यांना कामगार मिळेनात. तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ साली मुंबईच्या सुधारणेसाठी एक ट्रस्ट स्थापन झाला. त्याला इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट म्हणत. या ट्रस्टने दोन प्रकारची कामे केली. एकीकडे गरिबांसाठी चाळी बांधल्या. दुसरीकडे त्या वेळी शहराच्या बाहेर असलेल्या दादर-माटुंग्याच्या शेतजमिनी घेऊन, आधी रस्ते आखून, मग भूखंड पाडून ते भाडेपट्ट्याने दिले. कारकून, वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा पांढरपेशा कुटुंबांसाठी हे उपनगर होते. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावे तेव्हापासूनची. हवा, उजेड, झाडे आणि मोकळी जागा यांचा विचार करून आखलेली वस्ती म्हणून आजही तिचे नाव घेतले जाते.

म्हणजे एकाच ट्रस्टने परळला चाळी बांधल्या आणि दादरला भूखंड पाडले. कामगाराला खोली, पांढरपेशाला मोहल्ला. बाबासाहेबांचे आयुष्य या दोन्ही ठिकाणी गेले, हे लक्षात घेतले पाहिजे.

एक खोली आणि रात्रीचे दोन

सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईला आले ते परळच्या चाळीत. खोली एकच. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे. सर्वांना एका वेळी आडवे होता येत नसे. तेव्हा रामजींनी तोड काढली. भीमाने लवकर झोपावे, वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहावे. दोन वाजता त्यांनी मुलाला उठवावे आणि त्याच्या जागी स्वतः झोपावे. मुलगा पहाटेपर्यंत दिव्याच्या उजेडात वाचत बसे. एल्फिन्स्टन हायस्कूलचा तो विद्यार्थी १९०७ साली मॅट्रिक झाला.

पुढे कुटुंब परळच्या पोयबावडीजवळ इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहू लागले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. अमेरिकेला गेले, विलायतेला गेले, पदव्या मिळवल्या, बॅरिस्टर झाले, महाडचा सत्याग्रह केला, गोलमेज परिषदेला गेले. हे सारे होत असताना त्यांचे मुंबईतले घर म्हणजे या दोन खोल्याच होत्या. वीस वर्षांहून अधिक काळ! रमाईंचा संसार याच चाळीत झाला. लेकरे गेल्याचे दुःखही त्यांनी याच काळात सोसले. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव मागे राहिले.

बडोद्याची ती अकरा दिवसांची बिऱ्हाडे

आमच्या ले-आउटच्या दलालाची गोष्ट वर सांगितली. ती आठवून मन खट्टू होते, तेव्हा आम्हाला १९१७ सालचे बडोदे आठवते. बाबासाहेब उच्च शिक्षण घेऊन परदेशातून आले होते आणि बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले होते. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांनी त्याच दिवशी जागा सोडण्यास बजावले. मित्रांकडे जागा मागितली, तेथेही अडचण निघाली. ते बागेत जाऊन बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. तो लिहिताना अठरा वर्षे उलटली होती, तरी डोळ्यांत पाणी येते असे त्यांनी म्हटले आहे.

कोलंबियात शिकलेल्या विद्वानाला जो प्रश्न विचारला गेला तोच आम्हाला विचारला गेला. त्यावर त्यांनी काय केले हे पाहिले पाहिजे. त्यांनी असे म्हटले नाही की आपण आपले चाळीतच बरे. १९३० च्या सुमारास त्यांनी याच हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. मध्यमवर्गीयांच्या, उच्चवर्णीयांच्या मोहल्ल्यात, नाव न लपवता, आपल्या नावाने. पारशी कॉलनी तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे! घर कोठे बांधावे हा हक्क मागून मिळत नाही, तो बजावायचा असतो, हेच त्यांनी दाखवून दिले असे आम्हाला वाटते.

ग्रंथांसाठी घर

एका भूखंडावर राजगृह आणि दुसऱ्यावर 'चार मिनार' ही इमारत उभी राहिली. राजगृहाचे काम १९३१ मध्ये सुरू झाले आणि १९३३ मध्ये ते पुरे झाले. पैसा गाठीशी नव्हता, कर्ज काढले. कर्ज फेडण्यासाठी 'चार मिनार' १९४१ साली विकावी लागली. राजगृह मात्र त्यांनी हातचे जाऊ दिले नाही.

नाव ठेवले राजगृह. मगधाची प्राचीन राजधानी. तेथे राजा बिंबिसाराने भगवान बुद्धांना वेळुवन दान दिले आणि बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर भिक्खूंची पहिली संगीती तेथेच भरली. दीक्षेच्या सोहळ्याला अजून तेवीस वर्षे अवकाश होता आणि घराच्या दारावर हे नाव आले होते.

आता त्या घराची मांडणी पाहा. कुटुंबाचा राबता खाली आणि वरचा भाग ग्रंथालयाला व कचेरीला. सामान्य माणूस घर बांधताना आधी माणसांची व्यवस्था करतो आणि उरलेल्या कोपऱ्यात पुस्तके ठेवतो. बाबासाहेबांनी पुस्तकांची जागा आधी धरून घर आखले. हजारो ग्रंथ तेथे होते. त्यांतील पुष्कळसे पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाला मिळाले. हे महाविद्यालय पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केले. एका घरातील पुस्तके गिरणी कामगारांच्या मुलांना वाचायला मिळाली, ती अशी.

रमाईंना मात्र या घराचे सुख फार काळ लाभले नाही. दोन खोल्यांच्या चाळीतून त्या येथे आल्या आणि २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. जेमतेम दोन वर्षे. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. आज महाराष्ट्रात गोरगरिबांची जी घरकुले उभी राहतात त्या योजनेला रमाईंचे नाव आहे. ज्या माउलीने आयुष्यभर दोन खोल्यांत संसार रेटला, तिच्या नावाने आपल्याला पक्के घर मिळते आहे. ते घर बांधताना तिची आठवण फक्त दारावरच्या पाटीपुरती ठेवायची काय?

दार उघडे राहिले

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीच्या अलीपूर रोडवरील निवासस्थानी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या रात्री विमानाने त्यांचा देह मुंबईला आणला आणि तो आधी राजगृहात ठेवण्यात आला. परळ, नायगाव, वरळी, भायखळा, जेथून जमेल तेथून माणसे पायी आली. या शांत, आखीव मोहल्ल्याच्या गल्ल्या माणसांनी भरून गेल्या. ७ डिसेंबरला राजगृहावरून अंत्ययात्रा निघाली आणि दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. म्हणून चैत्यभूमी आणि राजगृह यांच्यामधला हा रस्ता आपल्याला परका नाही.

तो परका करण्याचा प्रयत्नही झाला. ७ जुलै २०२० च्या सायंकाळी कोणी तरी आवारात शिरून कुंड्या फोडल्या, काचांची आणि कॅमेऱ्याची नासधूस केली. बातमी गावोगावी पोहोचली. आमच्या वडनेरलाही पोरे संतापून विहारासमोर जमली. तेव्हा बाबासाहेबांच्या नातवांनी सर्वांना शांतता राखण्याचे आवाहन केले, आणि लोकांनी ते ऐकले. काचा फुटल्या त्या पुन्हा बसवता येतात. ज्या घराचे बळ ग्रंथांत आणि माणसांत आहे ते दगडाने पडत नाही, हे त्या वेळी आम्हाला उमगले.

परत वडनेरला

परतीच्या गाडीत धाकटीने वहीवर चौकोन काढला. २६९ चौरस फुटांचा. थोरला तिच्या शेजारी बसला आणि दोघे भावंडे जळगाव येईपर्यंत त्या चौकोनात रेघा मारत होती. आजी डुलकी घेत होती असे आम्हाला वाटले, पण तिचे कान इकडेच होते. ती म्हणाली, "पोरीले अभ्यासाले जागा आंधी काढा. मंग माह्या ओसरीचं पाहा." ज्या ओसरीसाठी ती महिनाभर भांडली, तीच तिने आपण होऊन मागे ठेवली.

घरी येऊन गवंड्याला बोलावले. आमच्याकडची काळी माती कपाशीला चांगली आणि घराला वाईट. पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचा, त्यात कुचराई करायची नाही, हे पहिले ठरले. त्यासाठी घरातले दोघे आपण अंगमेहनत करणार आणि वाचलेले पैसे पायात घालणार.

दुसरे ठरले ते पुस्तकांचे. आतल्या खोलीच्या भिंतीतच फडताळ ठेवायचे, त्याला कडप्प्याचे चार कप्पे. त्याच्याखाली बिजागऱ्यांवर बसवलेली एक फळी. उघडली की टेबल, मिटली की भिंत. खिडकी डाव्या हाताला, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडणार नाही. दिव्याचे बटण हाताशी. गवंडी म्हणाला, याला फार खर्च नाही, पण भिंत चढण्याआधी सांगितले म्हणून बरे झाले. नंतर भिंत फोडावी लागली असती. ज्यांची घरकुले मंजूर झाली आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुस्तकांची जागा नकाशातच धरावी लागते. घर पुरे झाल्यावर ती सापडत नाही.

तिसरे ठरले ते वेळेचे. जागा वाढवता येत नसेल तर वेळ वाटून घ्यावी, हे सुभेदार रामजींनी आपल्याला शिकवले आहे. आमच्या घरी आता सायंकाळी सात ते दहा टीव्ही बंद. धाकटी पहाटे चारला उठते, तेव्हा आजीही उठते आणि तिच्यासाठी चहा ठेवते. घर अजून टिनाचेच आहे, काम जोत्यापर्यंत आले आहे, पण नियम आतापासून सुरू केला.

ओसरीही होणार आहे, लहानशी. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा जागा अपुरी पडते. शेजारच्या तीन-चार घरांतली मुलेही दहावी-बारावीला आहेत. त्यांनी येऊन आमच्या ओसरीवर बसावे, फडताळातले पुस्तक घ्यावे, वाचून परत ठेवावे, असे आम्ही सांगून टाकले आहे. मोटारसायकल बाहेर राहील. थोरल्यानेच तसे म्हटले.

आणि त्या ले-आउटचे काय? थोरला पुन्हा जाणार आहे. या वेळी एकटा नाही, वस्तीतल्या चार जणांना घेऊन, आणि आडनाव विचारण्याआधी स्वतःच सांगणार आहे. जमीन विकायला काढली आहे तर आडनाव पाहून ती नाकारणे न्यायाचे नाही, हे त्याला ऐकवणार आहे. भूखंड मिळेल, न मिळेल. मिळाला तर तेथेही फडताळ आधी आखले जाईल. वस्तीत राहणे ही लाज नाही आणि वस्तीबाहेर राहणे हा गुन्हा नाही. दोन्ही ठिकाणी आपल्या घरात दिवा कशासाठी जळतो, हे महत्त्वाचे.

बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी चैत्यभूमीला जाल तेव्हा थोडा वेळ काढून रेल्वेच्या पूर्वेला जा. राजगृह पाहा, मुलांना दाखवा. आणि परत आल्यावर आपल्या घराच्या चार भिंती एकदा मुलांच्या डोळ्यांनी पाहा. त्यांच्या पुस्तकांना जागा कोठे आहे? नसेल तर एक कोनाडा तरी आजच रिकामा करा.

जयभीम!